अनोळखी उपकरण : एक

तिबिलिसीतली ही नऊ मजली इमारत
एकेकाळी कसल्याशा नकाशांची संस्था होती म्हणे.
आता पाचव्यावर लमाराबाईंचं वकिलीचं ऑफिस,
शेजारी दातांचा दवाखाना, वर नाचाचा वर्ग,
खाली कोणी मधाच्या बरण्या विकतं,
आणि मधल्या भिंती पुठ्ठ्याच्या.
लिफ्टच्या पेटीत नाणं टाकावं लागतं.
टाकलं तरी ती तिसऱ्यावर थांबून
थोडा विचार करते.

बाई म्हणाल्या, वाझा, घटस्फोटांच्या फायली आहेत माझ्याकडे,
कोणाचं कुठे दुखतं, सगळं लिहिलेलं.
दाराला नवं कुलूप बसवलंय, तीन बोल्टचं, इटालियन.
मी राउटर उलटा करून पाहिला.
पासवर्ड पाठीवरच चिकटलेला,
कारखान्यातून आला तसा.
दार मोकळं आणि मोरीला बोळा.
भिंतींना कान असतात हे जुनं झालं, बाई,
आता भिंतच बोलते,
आणि पलीकडे दाढ काढून घेणारा
तोंड उघडं टाकून ऐकतो.

मोजायला बसलो.
बाईंच्या हिशेबात यंत्रं अकरा, यादीत निघाली तेवीस.
दंतवैद्याचा फोन, त्याच्या मुलाचा फोन,
नाचवाल्यांचा स्पीकर,
मधवाल्याचा लॅपटॉप (त्याची दरपत्रकं
दोन वर्षं आमच्याच कागदावर छापली जात होती),
आणि एक टीव्ही. कोणाचा,
ते बहुधा टीव्हीलाही ठाऊक नसावं.
एकेकाला काढलं. कोणी तक्रार केली नाही.
फुकटचं गेलं की माणूस
आपलं नव्हतंच असं चालतो.

उरलं एक.
रात्री दोनला यायचं, चारला जायचं.
काही उचलायचं नाही, काही ठेवायचं नाही.
नुसती बारीक धार, दोन्हीकडून सारखी,
कोणी कोणाशी बोलत असावं तशी.

एका रात्री थांबलो. दिवे बंद, दार किलकिलं.
चौथ्या आणि पाचव्याच्या मधल्या पायरीवर
शुशाना बसली होती, खालची राखणदारीण,
ओव्हरकोटात, फोन बादलीला टेकवलेला.
जिन्याने चढून आली होती,
लिफ्टची सगळी नाणी तिच्याच डब्यात असून.
आर्मेनियन मला अर्धीमुर्धी कळते.
"तुझी म्हातारी झोपली का?" ती विचारत होती,
आणि इटलीतून, बारीहून, मुलगी म्हणाली, आत्ताच.
मग बराच वेळ दोघी
काहीच बोलल्या नाहीत.
धार चालूच होती.

पासवर्ड कोणी दिला, हे विचारायची गरज नव्हती.
राउटरची पाठ पुसणारं माणूस
इमारतीत एकच.

सकाळी तळघरातली लोखंडी पेटी उघडायची होती,
सगळ्या मजल्यांच्या तारा तिथे
न विंचरलेल्या केसांसारख्या.
किल्ली शुशानाच्या गळ्यात, दोऱ्यात.
तिने काढून दिली. कशाला, विचारलं नाही.
म्हणाली, "शेवटची पायरी फुटलीय, जपून."
मी जपून उतरलो.
आमची तार वेगळी केली, नवा पासवर्ड घातला, वीस अक्षरांचा,
अकरा यंत्रांची नावं नोंदवली, बाकीच्यांना दार बंद.
किल्ली परत दिली. तिने ती पदराने नव्हे, बाहीने पुसून
पुन्हा गळ्यात घातली.

अहवालात लिहिलं :
अनोळखी उपकरण, एक. बंद केले.
बाईंनी सही केली, पैसे वेळेवर दिले.

त्या रात्रीची नोंद मी घरून पाहिली.
दोन वाजून चार मिनिटं. नकार.
दोन वाजून पाच. नकार.
मधे थोडी गॅप, बहुधा एक पायरी वर सरकली असेल.
नकार.
असं तेरा वेळा.
यंत्राने एकदाही आवाज चढवला नाही.

काल लिफ्टपाशी गेलो, खिशात मोड नव्हती.
तिने आपल्या डब्यातलं नाणं पुढे केलं.
"पोरा," म्हणाली,
"वरचं नेट बिघडलंय का रे?"

मी नाणं घेतलं.
म्हटलं, बघतो.